वर्षभरापूर्वी दुर्बीण नॉर्मल, मग हा पॉलिप आला कुठून?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ५१, नाशिकला असते. वडिलांना ६८व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला म्हणून मी मागच्या वर्षी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) करून घेतली, रिपोर्ट नॉर्मल. यंदा रक्त गेलं, ते मूळव्याधीचंच होतं, पण दुसरीकडे दुर्बीण घातली तर उजव्या बाजूला १२ मिमीचा चपटा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावरची वाढ, सापडला, तो काढला. मग आधीच्यांनी बघितलं काय? आणि आता एआयवालं मशीन असतं म्हणे, तिथेच जायला हवं होतं का?

उत्तर : ताई, तुमचा राग मला समजतो. १२ मिमीचा पॉलिप वर्षभरात नव्याने तयार होत नाही हो, बहुतेक तो तेव्हाही तिथेच असणार. साध्या पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण १० वर्षं लागतात, त्यामुळे तो वेळेत निघाला हे फार बरं झालं.

आता सुटला कसा ते सांगतो. एकाच पेशंटची लागोपाठ दोनदा कोलोनोस्कोपी करून बघितलेले अभ्यास आहेत, त्यात पहिल्या वेळी चारातला एक तरी पॉलिप सुटतो असं दिसलं, अर्थात त्यातले बहुतेक बारीक असतात, मोठे कमी सुटतात. पण उजव्या बाजूचे चपटे पॉलिप खरंच फसवे. रंग आजूबाजूच्या आतड्यासारखाच, वर पिवळट शेंबडाचा पातळ थर, दुधावरच्या सायीसारखा. दुर्बिणीतून पाणी मारून तो थर धुतला की मग खालची कड दिसते, नाही धुतला तर माणूस सरळ पुढे निघून जातो.

म्हणून पोट साफ असणं ही निम्मी लढाई, आणि ती पेशंटच्या हातात आहे. आपल्याकडे अजूनही पुष्कळ ठिकाणी सगळं औषध आदल्या संध्याकाळीच प्यायला लावतात. मग रात्रभर छोट्या आतड्यातून पित्त न् चिकट पाणी खाली येत राहतं आणि सकाळपर्यंत नेमकी उजवी बाजूच पुन्हा माखते! अर्धं औषध रात्री आणि अर्धं तपासणीच्या ४-६ तास आधी, असंच घ्यायचं, पहाटे उठावं लागलं तरी. शेवटी संडासला लघवीसारखं पिवळसर पारदर्शक पाणी आलं पाहिजे. दोन-तीन दिवस आधीपासून पेरू, टोमॅटो, वांगं, भेंडी, तीळ बंद, त्या बिया दुर्बिणीच्या नळीत अडकतात.

उरलेली निम्मी डॉक्टरांची. दुर्बीण आत जाताना नाही, बाहेर येताना खरं बघणं होतं. २००६ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात ६ मिनिटांपेक्षा घाईने बाहेर येणाऱ्या डॉक्टरांना पॉलिप फार कमी सापडले, आता तिथे ८ मिनिटांची अपेक्षा धरतात. शिवाय किती टक्के पेशंटमध्ये ॲडिनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणारा पॉलिप सापडतो, त्यावर डॉक्टरचं मोजमाप होतं. २०१४च्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात हा आकडा १ टक्क्याने वाढला की नंतर निघणाऱ्या कॅन्सरचा धोका ३ टक्क्यांनी कमी दिसला. तेव्हा बिनधास्त विचारा : ‘डॉक्टर, तुमचा आकडा किती? उजवी बाजू दोनदा बघता का?’ चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

एआयचं म्हणाल तर ते कामाचं आहे, संशय आला की स्क्रीनवर त्या जागेभोवती चौकोन काढतं. इटलीत २०२०च्या अभ्यासात ॲडिनोमा सापडण्याचं प्रमाण ४० वरून जवळपास ५५ टक्क्यांवर गेलं. पण कॅमेऱ्यासमोर जे आलंच नाही, घडीच्या मागे राहिलं किंवा मळाखाली दबलं, त्यावर ते चौकोन कुठून काढणार? आणि पोलंडमधून २०२५ साली आलेली गोष्ट मला जास्त काळजीची वाटते, तिथे एआयची सवय लागलेल्या डॉक्टरांचं एआय नसतानाचं प्रमाण २८ वरून २२ टक्क्यांवर उतरलेलं दिसलं. म्हणून मशीनपेक्षा आधी माणूस बघा.

तुमचा पॉलिप पूर्ण निघाला असेल, तर बायोप्सी रिपोर्ट बघून साधारण ३ वर्षांनी पुन्हा तपासणी, मधे काही त्रास झाला तर लगेच. जुना रिपोर्ट काढून त्यात ‘पोट कितपत साफ होतं’ हे लिहिलंय का तेही बघा. आणि भाऊ-बहीण असतील, चाळिशी ओलांडली असेल, तर त्यांनाही याच महिन्यात घेऊन जा, वडिलांचा आजार तुमच्या एकटीचा नाही.