भांडणाआधीचे चाळीस सेकंद

"माझा ब्रुनो असा नव्हताच हो." हे वाक्य कानावर पडलं नाही असा आठवडा जात नाही. त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं: "आता त्यांच्या कुत्र्याचं बिल मलाच भरावं लागणार का?" सोसायटीच्या डॉग पार्कमध्ये दोन कुत्री भिडतात, ग्रुपवर फोटो फिरतात आणि दोन घरची माणसं लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाठ करून उभी राहू लागतात. अशा भांडणांत अडकलेल्या कुत्र्यांच्या मालकांना सल्ला देणं हे माझं काम. खालचा अनुभव अशा अनेक बैठकींतून गाळून घेतलाय. ब्रुनोचं नावही खरं नाही.

बालेवाडीकडच्या एक ताई. ब्रुनो तीन वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन ३२ किलो. समोरचा शिह त्झू, सहा किलोचा. त्याच्या मानेला दोन दात लागले होते आणि सोडवायला हात घातलेल्या त्याच्या मालकांच्या बोटालाही एक. ताई पहिल्याच दिवशी फाईल घेऊन आल्या: लसीकरणाचं पुस्तक, महापालिकेचा परवाना, ग्रुपवरच्या मेसेजच्या प्रिंट.

"सुरुवात त्यांच्या कुत्र्याने केली. भुंकत अंगावर आला. मग जबाबदार कोण?"

"ठरवू. त्याआधी ब्रुनो काय करत होता?"

त्यांना आठवेना.

दुसऱ्या बैठकीला त्यांनी सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रण आणलं. भांडणाआधीचे ४० सेकंद आम्ही आवाज बंद करून पाहिले. पहिल्या दोन वेळा त्यांना एकच दिसलं: छोटा भुंकला, ब्रुनो तुटून पडला. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, "छोट्याकडे बघूच नका. फक्त ब्रुनोची शेपटी आणि तोंड बघा."

यावेळी त्यांनी स्वतःच चित्र थांबवलं. ब्रुनो त्यांच्या पायाशी आला होता. तोंड मिटलेलं, शेपटी ताठ आणि वर, अंग लाकडासारखं. ताई फोनवर बोलत होत्या. त्यांनी गुडघ्याने त्याला हलकंच ढकललं: जा, खेळ. तो गेला, परत आला. पुन्हा गुडघा. तिसऱ्यांदा आला तेव्हा छोटा त्याच्या मागोमाग होता. मग ते भुंकणं, आणि मग जे झालं ते.

"हा मला सांगायला आला होता," ताई म्हणाल्या. मी काही बोलले नाही. पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. कायद्याची फाईल त्या दिवशी उघडलीच गेली नाही. इतक्या वर्षांत माझ्या कामाचं खरं मोजमाप मी अशाच मिनिटांत करत आले आहे.

माझा कल सांगून टाकते. 'कुत्र्याला अल्फा, म्हणजे सगळ्यांचा म्होरक्या, व्हायचंय' ही भाषा मला पटत नाही. पार्कमधलं कुत्रं बहुतेक वेळा अंतर मागत असतं. आधी तोंड फिरवतं, ओठ चाटतं, मालकाच्या पायाशी येतं, मग ताठरतं, मग गुरगुरतं. गुरगुरलं म्हणून रट्टा देणारे मालक कुकरची शिट्टी काढून टाकतात आणि झाकण उडालं की नवल करतात. खेळ निकोप असेल तर मध्ये थांबे येतात, पाठलाग करणारा अधूनमधून स्वतः पळू लागतो. एकच जण सतत मागे, समोरच्याच्या खांद्यावर मान टाकून उभा, नजर रोखलेली, असं दिसलं की हाक मारायची ती तेव्हाच. दात लागल्यावर हाक ऐकू येत नाही. फाटकापाशी गर्दी, चेंडू, खाऊ, माजावर आलेली मादी आणि सहा किलोच्या शेजारी ३२ किलो ही नेहमीची कारणं. लहान-मोठ्यांची वेळ तरी वेगळी ठेवा.

आणि जुंपलीच तर? हात मधे घालू नका, पट्ट्याकडेही नेऊ नका. बादलीभर पाणी, जाड चादर अंगावर टाकणं, पत्र्याचा मोठा आवाज, मधे सरकवलेली फळी, हे आधी. दोघं असाल तर दोघांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय गुडघ्याच्या वर धरून उचलायचे आणि मागे जात गोल फिरत राहायचं. थांबलात तर ते वळून तुम्हालाच चावेल. एकटे असाल तर लीशचा, म्हणजे फिरवायच्या दोरीचा, फास एकाच्या कमरेमागे मांडीपाशी टाकून तो खांबाला बांधा, मग दुसऱ्याला तसंच मागे ओढा. मात्र दातांत धरलेलं असेल तेव्हा ओढू नका, मांस फाटतं. सुटल्यावर "सॉरी म्हण" करत दोघांना पुन्हा समोरासमोर आणू नका. दोन-तीन दिवस पार्क बंद.

जखमेबद्दल बेसावध राहणं महागात पडतं. सुळ्याचं भोक तांदळाएवढं दिसतं, आत मात्र कातडी मांसापासून सुटलेली असते, आणि दोन-तीन दिवसांत तिथे पू धरतो. तोंडात धरून झटकलं गेलेलं छोटं कुत्रं वरून धड दिसलं तरी छातीचा एक्स-रे काढायलाच हवा. केस कापून पाहणी, सलाइनने धुणं हे पशुवैद्यांवर सोडा. घरातली पॅरासिटामॉल किंवा ब्रुफेन कुत्र्याला देऊ नका. माणसाला दात लागला असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. "आमच्या कुत्र्याला लस दिलीय" म्हणून टाळू नका. स्नायूत द्यायची रेबीजची लस ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी असते; ० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस.

तिसऱ्या बैठकीत फाईल उघडली. "ते कलम ३२५ लावू म्हणतायत."

भारतीय न्याय संहितेचं ३२५ प्राण्याला जाणूनबुजून मारण्या-जायबंदी करण्याबद्दल आहे. हेतू किंवा जाणीव लागते. पार्कमधली झटापट त्यात बसवणं अवघड. खरी काळजी २९१ ची. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा असलेला संभाव्य धोका टाळण्यात हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे कुत्र्याच्या मानेपेक्षा त्या गृहस्थांचं बोट इथे जड. मुंबईत २०१० साली एका वृद्धाला रॉटवायलर चावल्याच्या खटल्यात २०२३ मध्ये मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली गेली, हेही त्यांना सांगितलं. कुत्र्याच्या उपचाराचा खर्च हा मुख्यतः दिवाणी मामला. तिथे निष्काळजीपणा बघितला जातो: तुम्हाला स्वभाव माहीत होता का, आणि कळल्यावर काय केलंत?

"पण मग पैसे दिले तर मी गुन्हा कबूल केला असं होईल ना?"

"कागदावर काय लिहिता त्यावर आहे."

आम्ही मसुदा केला, वकिलांना दाखवला: उपचाराचा खर्च चूक मान्य न करता सद्भावनेने देत आहे, बिलांच्या प्रती मिळाल्या, या प्रसंगाबाबत आणखी मागणी नाही. दोघांच्या सह्या, तारीख, पैसे यूपीआयने, रोख नाही. काही पेट विम्यांत तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचं संरक्षण असतं. त्यांच्या पॉलिसीत होतं, त्यांनी कधी वाचलंच नव्हतं. एक गोष्ट मी स्पष्ट सांगितली: यापुढे "मला माहीत नव्हतं" हे उत्तर तुमच्याकडे राहिलेलं नाही.

ताई कागद घेऊन शेजारी गेल्या, ब्रुनोला घरी ठेवून. शेजाऱ्यांनी चहा विचारला नाही, पण सही केली.

महिन्याभराने त्या ब्रुनोला सकाळी साडेसहाला पार्कमध्ये घेऊन गेल्या, आत एकच ओळखीचं कुत्रं असताना. फोन गाडीत ठेवला होता. बाराव्या मिनिटाला ब्रुनो तोंड मिटून पायाशी येऊन उभा राहिला. ताईंनी लीश लावली आणि दोघं बाहेर पडली.