निखाऱ्यावरची तंगडी आतून शिजली, हे कसे ओळखावे?

प्रश्न : घरामागच्या अंगणात आम्ही कोळशाच्या शेगडीवर कोंबडीच्या तंगड्या भाजतो. बाहेरून त्या करपतात, पण हाडाशी मांस कच्चेच राहते. तापमापकाने खरोखर फरक पडेल का? – एक वाचक, नेरुळ

उत्तर : निश्चित पडेल. निखाऱ्यांची प्रखर धग वरचा थर काही मिनिटांत काळा करते, मात्र ती उष्णता हाडापर्यंत पोहोचायला बराच अधिक वेळ लागतो. त्यामुळे केवळ रंगावरून अंदाज बांधणे कोंबडीच्या बाबतीत धोक्याचे ठरते. टोकदार सळईचा डिजिटल तापमापक सर्वांत जाड भागात, हाडाला टेकू न देता खुपसावा आणि ७४ अंश सेल्सिअस दिसेपर्यंत थांबावे. तंगडी ८० अंशांपर्यंत गेली तरी बिघडत नाही, उलट तिचा चिवटपणा जाऊन ती अधिक मऊ होते. छातीचा तुकडा मात्र तेवढ्यात कोरडा पडतो. इन्फ्रारेड तापमापक फक्त पृष्ठभागाचे तापमान सांगतो, म्हणून तो जाळीसाठी ठीक, मांसासाठी नव्हे.

निखारे एका बाजूला सारून तंगड्या दुसऱ्या बाजूला झाकून शिजवाव्यात आणि शेवटची दोन मिनिटेच थेट धगीवर धराव्यात. नवा तापमापक बर्फाच्या पाण्यात शून्य अंश दाखवतो का, हे आधी अवश्य पडताळावे.