अमेरिकेत मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) आता औषधांच्या किमतींवर कंपन्यांशी घासाघीस करू शकतं का?

हो, करू शकतं, पण मोजक्याच औषधांसाठी. 2003च्या ज्या कायद्याने मेडिकेअरमध्ये औषधांचा विमा आणला, त्यातल्याच एका कलमाने सरकारला भाव ठरवण्यात पडायला मनाई केली होती. ऑगस्ट 2022च्या इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्टने ती अंशतः उठवली. पहिल्या 10 औषधांचे दर 1 जानेवारी 2026पासूनचे आहेत; मधुमेहावरच्या जानुव्हियाची महिन्याची यादी-किंमत (सवलतीआधीची जाहीर किंमत) 527 डॉलर होती, ठरलेला दर 113. खरी ओढाताण मुदतीवर चालते: मंजुरीनंतर साध्या गोळ्यांना साधारण 9 वर्षांनी ठरलेला दर लागू शकतो, बायोलॉजिक (सजीव पेशींपासून बनवलेल्या) औषधांना 13. त्यामुळे गोळ्यांवरचं संशोधन आटेल, असा कंपन्यांचा आक्षेप. मात्र खासगी विम्यावर हे दर बंधनकारक नाहीत, आणि माझ्या मते कायद्यातली सगळ्यात मोठी उणीव तीच.