शिष्टमंडळ मुंबईला, गावात गॅस्ट्रो

प्रश्न : आमच्या गावात गॅस्ट्रोची साथ आहे. पाणीयोजनेचं निवेदन घेऊन पक्षाचे नऊ कार्यकर्ते दोन गाड्यांनी मंत्रालयात जाणार आहोत. नेमकी त्याच दिवसांत महामार्गावर रास्ता रोकोची हाक आहे. तयारी काय ठेवावी?
– एक वाचक, ता. तासगाव, जि. सांगली

उत्तर : आधी नऊ नावांची यादी पुन्हा तपासा. गेल्या काही दिवसांत ज्याला जुलाब झालेत त्याला घरीच ठेवा, मग तो तुमचा मुख्य बोलणारा का असेना. बरं वाटू लागल्यावरही जंतू काही दिवस शौचातून पडत राहतात. साथ कॉलऱ्याची असेल तर संसर्गानंतर काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत कधीही लक्षणं दिसतात, म्हणून निघताना ठणठणीत असलेला माणूस कराडला आडवा पडू शकतो.

पाणी घरूनच न्या. माणशी दिवसाला चार लिटर धरलं तर दोन दिवसांचे ७२ लिटर होतात. म्हणजे २० लिटरचे चार जार, प्रत्येक गाडीत दोन. इथे हमखास चूक होते. थंड जारचं पाणी शुद्धच असतं असं लोक धरून चालतात, पण ते फक्त थंड केलेलं असू शकतं. २० लिटरला क्लोरीनची अर्ध्या ग्रॅमची एक गोळी टाकून अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, नाहीतर क्लोरीन गाळातच संपतं. जारला तोटी हवी. ग्लास बुडवला की सगळं पाणी वाया. हात साबणानेच धुवा.

ओआरएसची एक लिटरवाली वीस पाकिटं ठेवा. अख्खं पाकीट एक लिटरमध्येच विरघळवायचं. घाईत लोक ते ग्लासभर पाण्यात घालतात. त्याने मीठ-साखर जास्त होते आणि जुलाब वाढतात. प्रत्येक जुलाबानंतर ग्लासभर, घोट-घोट. केलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्या. शौचाला पेजेसारखं पाणी, पायात गोळे, सहा तास लघवी नाही, यातलं एक जरी दिसलं तरी पुढे जायचं नाही. १०८ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा. सोबत एकाने थांबावं, बाकीच्यांनी निघावं. हे घरून निघण्याआधीच ठरवा, वाटेत वाद नको.

गाड्यांमध्ये दहा-पंधरा मिनिटांचं अंतर ठेवा. पुढची अडकली तर मागची वळू शकते. पेठ नाक्याकडून महामार्ग बंद असेल तर विटा–मायणी–दहिवडी–फलटण–लोणंद मार्गे पुणे गाठता येतं; वेळ जास्त लागतो, पण गाडी हलती राहते. गर्दीत गाडीवरचा पक्षाचा झेंडा उतरवून ठेवा आणि ट्रकांच्या मध्ये गाडी घुसवू नका, मागे फिरता येत नाही. इंटरनेट बंद पडू शकतं, म्हणून फोन नंबर कागदावर आणि रोख रक्कम दोघांकडे विभागून ठेवा.

मुंबईत जमावबंदी असेल तर पाच किंवा अधिकांनी एकत्र जमण्यालाच बंदी येते. त्यामुळे घोषणा न देता, मंत्रालयात भेटीची वेळ घेतलेल्या तीन-चार जणांनीच ओळखपत्रासह जावं. निवेदनाच्या तीन प्रती घ्या. एक द्यायची, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. तिसरी आणि सह्यांच्या झेरॉक्स दुसऱ्या गाडीत, प्लास्टिकमध्ये. पोच न घेता परतलात तर पुढच्या फेरीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

परतल्यावर पाच दिवस सगळ्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवा आणि तेवढे दिवस गावजेवणाच्या पंगतीत कुणी वाढायला उभं राहू नका.