साभार परत आलेला लेख

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

येवल्याच्या विणकरावरचा तुझा लेख साभार परत आल्याचं कळलं. वाईट वाटणारच. पण ‘पैठणीवर आमच्याकडे बरंच छापून झालंय’ हे संपादकांचं म्हणणं खरं आहे. असावली, बांगडी-मोर ही पैठणीवरची नक्षी, 2010 चं भौगोलिक मानांकन, हे वाचकाला पाठ झालंय आणि तुझ्या लेखाचा पहिला अर्धा भाग त्यातच गेलाय.

तू पाठवलेलं मुलाखतीचं रेकॉर्डिंग मात्र मी दोनदा ऐकलं. सव्वातीन तासांतली जेमतेम वीस मिनिटं लेखात आली आहेत. खड्डामागावर, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या मागावर, बसून आखडलेले विणकर आजोबांचे गुडघे त्यात नाहीत. बेंगळुरूचं रेशीम आणि सुरतेची जर उधारीवर आणताना होणारी ओढाताण नाही. आणि विणण्यासाठी रेशमाच्या कांड्या भरून देणारी त्यांची सून! तिची मजुरी कुणीच वेगळी धरत नाही, हे ती किती सहज सांगून जाते. पोरी, तुझा लेख तिथे आहे. तो नव्याने लिही, जुन्याची डागडुजी करू नकोस. दिवाळी अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, तेव्हा आत्ताच विचारून ठेव. उधारीचा भाग अर्थविषयक पुरवणीला चालेल. धागे मोजून मोर कसा उतरतो, हे ‘किशोर’सारख्या मुलांच्या मासिकासाठी लिहिता येईल.

हक्काची काळजी करू नकोस. नोकरीत नसताना स्वतंत्रपणे लिहिलेल्या लेखाचा पहिला मालक लेखकच, असं 1957 चा कॉपीराइट कायदा सांगतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार आणि सही लागते. नाकारलेला लेख तुझाच आहे. फक्त एकच लेख एकाच वेळी दोन संपादकांकडे पाठवू नकोस.

विणकराचा शब्द मात्र तुझ्या मालकीचा नाही. हे मी फार उशिरा शिकलो. एका कारागिराने कलेवरच्या लेखासाठी मला मुलाखत दिली होती. लेख परत आल्यावर मी त्यातलाच मजकूर व्यापाऱ्यांच्या थकबाकीवरच्या लेखात वापरला, तोही त्याच्या नावासकट. त्याला विचारलंही नाही. छापून आल्यावर व्यापाऱ्याने त्याचं काम बंद केलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्याने चहा दिला, पण बोलला नाही. ते अजून मनातून जात नाही.

म्हणून लिहायला बसण्याआधी येवल्याला फोन कर. लेख परत आला हे आजोबांना सरळ सांग. आता काय लिहिणार, कुठे देणार तेही सांग. उधारीच्या भागात नाव चालेल का, विचार. सुनेशी वेगळं बोल. तिचं उत्तर सासऱ्यांकडून घेऊ नकोस. आणि मुलाखतीला आठ महिने झालेत, तेव्हा रेशमाचा आजचा भाव विचारून घे.

तुझा,
काका