ग्रामसभेच्या आधी घरोघरी जाऊन ये

अगं, तुझा मेसेज वाचला, प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) घरकुल यादीवरून ग्रामसभेत राडा होईल अशी भीती वाटतेय तुला. होऊ शकतो. लोक तिथे येतात ते मनात ठरवूनच येतात, माइकवर कुणाचं मत बदलत नाही, एकमत व्हायचं तर ते आधी ओट्यावर बसूनच होतं.

आधी लोकांना हे सांग की आपल्या हातात काय आहे नि काय नाही. सपाट भागात एका घराला 1 लाख 20 हजार, त्यात केंद्राचे 60 टक्के नि राज्याचे 40, वर रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी, संडासाचे 12 हजार, हे वरून ठरलंय, गावात कितीही भांडलं तरी बदलणार नाही. देशाच्या एकूण उद्दिष्टातला 60 टक्के वाटा एससी-एसटीसाठी आहे, तोही नियमच. गाव पेटतं ते इथे. ‘आमचं घर पण कुडाचंच आहे ना’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो गं, त्याला नियम दाखवून गप्प करू नकोस, त्याच्याजवळ बस, ओबीसी असेल तर मोदी आवासमध्ये, म्हणजे राज्याच्या ओबीसींसाठीच्या घरकुल योजनेत, बसतो का ते कागद काढून बघ.

यादीची पडताळणी मात्र गावाच्या हातात आहे. पक्कं घर असलेल्याचं नाव काढायचं तर आदल्या दिवशी त्याच्या घरी जा, कारण सांग, आणि अपील करता येतं हेही तूच सांग. चारचौघांत नाव निघालं की तो माणूस पुढच्या प्रत्येक ठरावाला आडवा येतो.

सगळ्यात गप्प असतात ते बिनजागेवाले. मंजुरी येते पण बांधायचं कुठे? दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागेला पैसे मिळतात, पण विकणारा तयार हवा, नि त्याला पंचायतीचं पत्र तयार करत नाही, भावकीतलं कुणीतरी जाऊन बोलावं लागतं. असं माणूस आत्ताच शोध.

आणि सिमेंटवाल्या दुकानदाराला नि गवंड्याला पण बोलव, ते कुणाच्या लक्षात येत नाहीत. हप्ते कामाच्या टप्प्याप्रमाणे, बांधकामाचे फोटो अ‍ॅपवर चढल्यावर येतात, हे त्यांना माहीत नसेल तर उधारी बंद होते नि भिंती अर्ध्यावर थांबतात.

ठरावात विरोध करणाऱ्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिही, सह्या घ्यायच्या आधी मोठ्याने वाचून दाखव. आणि बिनजागेवाली कुटुंबं किती निघाली ते मला लगेच कळव, त्यांचे प्रस्ताव आपण दोघं बसून करू.