गल्ला निम्म्यावर आलाय, भाव उतरवू का?

या महिन्यात फास्ट फूडच्या छोट्या दुकानांतून इतकी पत्रं आली की सगळं सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. मी स्वतः एकोणीस वर्षं असं दुकान चालवलं. त्यात दोन मंद्या काढल्या, आणि पहिल्या मंदीत दुकान जवळजवळ हातचं गेलं होतं. ही पत्रं वाचताना ते दिवस आठवतात आणि झोप लागत नाही. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

ताई, आमचं आठ टेबलांचं दुकान आहे. वर्षभरात रोजचा गल्ला जवळजवळ निम्म्यावर आला. समोरच्या दुकानदारानं सगळ्या पदार्थांचे भाव वीस टक्क्यांनी उतरवलेत आणि त्याच्याकडे गर्दी दिसते. नवरा म्हणतो आपणही उतरवू. मला भीती वाटते. काय करू?

तुमची भीती रास्त आहे. भावाला हात लावण्याआधी एक रात्र दोघं मिळून बसा आणि जुनी बिलं बाहेर काढा. गेल्या वर्षीचा हाच महिना आणि यंदाचा महिना शेजारी शेजारी ठेवा. आधी बिलं किती झाली ते मोजा, मग एका बिलाची सरासरी रक्कम काढा. माणसं यायची थांबली तरी गल्ला घटतो, आणि माणसं येऊन हात आखडून मागवू लागली तरी घटतो. दोन्हींवरचे इलाज अगदी वेगळे आहेत.

पहिल्या मंदीत मी हे मोजलंच नव्हतं. गिऱ्हाईक तुटलं असं धरून चालले आणि सरसकट भाव पाडले. पुढे हिशेब काढला तेव्हा दिसलं की बिलं दहात एखादंच कमी झालं होतं. लोक येतच होते. फक्त थंड पेय घेत नव्हते, आणि चौघांत चारऐवजी तीन प्लेटा मागवून वाटून खात होते. म्हणजे जे जुना भाव द्यायला तयार होते त्यांनाच मी सूट देत बसले होते. चार महिन्यांत घरची शिल्लक दुकानात गेली.

आता आकडा मांडते. एखादा पदार्थ तुम्ही शंभराला विकता आणि त्यात पस्तीसचा कच्चा माल जातो असं समजा. भाडं, पगार, वीज, गॅस यांच्यासाठी हातात पासष्ट राहतात. भाव ऐंशी केलात की राहतात पंचेचाळीस. पूर्वी शंभर प्लेटांत जे सुटत होतं ते सोडवायला आता एकशे पंचेचाळीस प्लेटा विकाव्या लागतील. मंदीत जवळजवळ दीडपट माणसं आणणार कुठून? आणि आली तरी तेवढ्याच शेगड्यांवर, तेवढ्याच माणसांकडून काम उरकायचं. समोरची गर्दी रस्त्यावरून दिसते, त्याची महिनाअखेर दिसत नाही.

जपानात हे फार मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथल्या मॅकडोनाल्ड्सनं २००० साली सोमवार ते शुक्रवार साधा बर्गर निम्म्या भावात, ६५ येनला द्यायला सुरुवात केली. लोटच्या लोट आले. २००२ मध्ये भाव थोडा वाढवून पाहिला तर गिऱ्हाईक फिरलं, मग तो उलट ५९ येनवर आणावा लागला, आणि त्याच वर्षी कंपनी तोट्यात गेली. त्या काळात गोमांसातून पसरणाऱ्या मॅड काऊ रोगाची भीतीही होती, सगळा दोष भावाचा नव्हता. पण लोकांच्या मनात एकदा खालचा आकडा बसला की तो वर न्यायला फार यातायात पडते. एवढ्या मोठ्या कंपनीला ते जमलं नाही, तिथे आठ टेबलांच्या दुकानाचं काय होईल ते बघा.

सूट द्यायचीच असेल तर ती रिकाम्या वेळेला द्या आणि एकाच पदार्थावर द्या. २००४ च्या सुमारास अमेरिकेतल्या मायामीत स्टुअर्ट फ्रँकेल यांच्याकडे सबवे या सँडविच विकणाऱ्या कंपनीची दोन छोटी दुकानं होती. शनिवार-रविवारी तिथे सामसूम असायची. त्यांनी शनिवार-रविवारपुरता फूटभर लांबीच्या सँडविचचा भाव पाच डॉलर केला, नेहमीपेक्षा साधारण एक डॉलर कमी. सुट्ट्या पैशांची भानगड नाही, लक्षात राहणारा आकडा. दाराबाहेर रांगा लागल्या. २००८ मध्ये, मंदी सुरू असताना, कंपनीनं हीच कल्पना अमेरिकाभर नेली. (पुढे कच्चा माल महागत गेला तसा तोच आकडा अनेक दुकानदारांच्या गळ्याशी आला. म्हणून योजनेची मुदत पहिल्याच दिवशी पाटीवर लिहा.) यातलं शिकण्यासारखं एवढंच की भाडं आणि पगार त्या रिकाम्या तासांतही चालूच असतात. त्या वेळी आलेला एक जादा माणूस कच्च्या मालाच्या वर जे काही देईल ते दुकानाच्या कामी येतं. भरल्या वेळेला तीच सूट दिलीत तर ती खिशातून जाते.

तुमच्या बिलांची संख्या टिकून असेल तर पेयाचा छोटा ग्लासही विकायला ठेवा, दोन पदार्थांची एक जोडी लावा, म्हणजे आखडलेल्या हातालाही काहीतरी घेता येईल. बिलंच घटली असतील तर आणखी एक गोष्ट तपासा. मंदीत मोठ्या हॉटेलात बसून जेवणारे लोक एक पायरी खाली उतरतात. २००८ मध्ये मॅकडोनाल्ड्सच्या आधीपासून चालू असलेल्या दुकानांची जगभरातली विक्री ६.९ टक्क्यांनी वाढली, त्यामागे हेही एक कारण होतं. पण तुमचं रोजचं, कमी पैशांचं गिऱ्हाईक त्याच वेळी घरून डबा नेऊ लागतं. वरून उतरणाऱ्या माणसाला तुमचं दुकान बसण्यासारखं वाटतं का? टेबलं पुसलेली, दिवे चालू, हात धुवायची जागा स्वच्छ. त्याला पैसे पडत नाहीत. दुसऱ्या मंदीत मी आधी दुकान घासून काढलं आणि भाव तसेच ठेवले. ती मंदी आम्ही निभावली.

कच्चा माल महागलाय, भाव वाढवायची हिंमत होत नाही. पदार्थाचा आकार थोडा लहान केला तर कुणाच्या लक्षात येईल का?

येईल. आठवड्यातून तीनदा तुमच्याकडे खाणाऱ्या माणसाच्या हाताला त्याचं वजन ठाऊक असतं. तो भांडणार नाही, बोलणारही नाही. नुसता यायचा थांबेल, आणि तुम्ही मंदीला बोल लावत बसाल.

लपवून कमी करण्यापेक्षा उघडपणे वेगळं काही करा. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात एल रेनो नावाचं रेल्वेचं गाव आहे. १९२० च्या दशकात तिथे रेल्वे कामगारांच्या संपामुळे लोकांच्या हातात पैसा उरला नव्हता. मांस महाग, कांदा स्वस्त. तिथल्या खानावळवाल्यांनी कांदा अगदी पातळ चिरून मांसाच्या गोळ्यावर रचला आणि तव्यावर उलथण्यानं दाबून त्यातच भाजला. मांस कमी लागलं, बर्गर मोठा दिसला आणि कांद्याच्या रसानं चव वाढली. संप मिटला, मंदी येऊन गेली, तरी तो कांद्याचा बर्गर त्या गावात आजही विकला जातो. लोक मुद्दाम खायला जातात. त्यात फसवणूक नव्हती. कांदा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडत होता.

तुम्हीही स्वयंपाकघरात उभे राहून स्वस्त पण चवीला जोर देणारं काय आहे ते शोधा. लहान आकार काढायचाच असेल तर त्याला वेगळं नाव द्या, वेगळा भाव द्या आणि जुना आकारही पाटीवर ठेवा. आणि आधी वजनकाटा आणा. माझ्याकडे दोन आचारी होते, एकाच्या हाताचं सारण दुसऱ्याच्या सव्वापट भरायचं. भाव वाढवायचा की नाही याचा घोळ मी दोन महिने घातला. काटा आणल्यावर निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

आमच्या मेनूकार्डावर चौसष्ट पदार्थ आहेत. धंदा कमी झाल्यापासून रोज माल टाकून द्यावा लागतो. पण पदार्थ कमी केले तर लोक म्हणतील दुकान बंद पडायला आलं.

लोक पदार्थ मोजत नाहीत. त्यांना त्यांचा पदार्थ हवा असतो, आणि तो ताजा हवा असतो.

मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ या अमेरिकेतल्या दोघांनी १९८२ मध्ये एक साधी रीत मांडली, ती मी वहीत उतरवून वर्षानुवर्षं वापरली. प्रत्येक पदार्थाला दोन प्रश्न विचारायचे: तो किती खपतो, आणि एका प्लेटेमागे कच्च्या मालाचा खर्च वजा जाता किती सुटतं. खपतोही आणि सुटतंही, त्याला हात लावू नका. खपतो पण सुटत नाही, त्याची कृती किंवा भाव जरा सुधारा. सुटतं पण खपत नाही, त्याचं नाव बदला, पाटीवर वर आणा, काउंटरवरच्या मुलाला तो सुचवायला सांगा. दोन्ही नाही, तो काढा. यात टक्केवारी बघू नका, रक्कम बघा. पेयात टक्के भरपूर दिसतात, पण भाडं टक्क्यांनी भरता येत नाही.

काढताना एक पथ्य पाळा. ज्या पदार्थासाठी वेगळा माल आणावा लागतो, जो दुसऱ्या कशातच वापरता येत नाही, तो आधी काढा. तुमची नासाडी तिथेच आहे. चौसष्टचे पंचवीस झाले तरी चालेल.

मी एका मोठ्या कंपनीची फ्रँचायजी चालवतो. माल त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो आणि तो परवडेनासा झालाय. नाव सोडून स्वतःच्या नावानं चालवलं तर लोक येतील का?

आइसलंडमध्ये हे घडलंय. २००८ मध्ये तिथल्या बँका कोसळल्या, तिथलं चलन क्रोना गडगडलं. मॅकडोनाल्ड्सच्या तिथल्या तीन दुकानांना बराचसा माल जर्मनीहून आणावा लागे आणि त्याचा खर्च जवळजवळ दुप्पट झाला. ३१ ऑक्टोबर २००९ ला ती बंद झाली. चालकांनी त्याच जागी ‘मेट्रो’ नावानं स्वतःचं दुकान काढलं आणि देशात मिळणारा माल वापरायला सुरुवात केली.

म्हणून अशक्य नाही. पण लोक तुमच्याकडे पाटी बघून येतात की तुम्हाला ओळखून, हे तुम्हालाच माहीत. आधी करारनामा वकिलाला दाखवा. सोडल्यावर त्याच जागी, त्याच प्रकारचा धंदा करता येईल का, यावर बंधन असू शकतं. तोवर कंपनीकडे लेखी मागणी करा की अमुक चार वस्तू ठरलेल्या दर्जाच्या जवळपास घेऊ द्या. तोंडी बोलू नका.

मी काउंटरवर काम करते. मालक म्हणतात पुढच्या महिन्यात पाचपैकी दोघांना काढणार. सगळ्यात नवी मीच आहे. तुमचं सदर ते वाचतात, म्हणून लिहिते.

बाई गं, मग हे उत्तर मी त्यांनाच लिहिते.

दादा, मीही दोघांना काढलं होतं. पगार वाचला. पण संध्याकाळच्या गर्दीत तिघांना झेपेना, बिल घ्यायला उशीर होऊ लागला, आणि उभं राहून कंटाळलेली माणसं निघून जाताना मी काचेतून बघत होते. मंदी ओसरल्यावर नवी माणसं घेतली, त्यांना शिकवण्यात तीन महिने गेले. काढलेल्यांपैकी एकजण गिऱ्हाइकांना नावानं ओळखायचा. तो परत आला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

जर्मनीत मंदीच्या काळात माणसं काढण्याऐवजी सगळ्यांचे तास कमी करतात आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकार भरतं. २००९ च्या मे महिन्यात तिथे चौदा लाखांहून जास्त कामगार अशा कमी तासांवर होते. तुमच्यामागे सरकार उभं नसेल, पण तास वाटून घेणं तुमच्या हातात आहे. आठवडाभर दर तासाची बिलं मोजा. बहुतेक दुकानांत दिवसाचे चार-पाच तासच खरे धावपळीचे असतात. तेव्हा पाचही जण ठेवा, दुपारी दोघं पुरतात. पाचांना समोर बसवा, हिशेबाची वही उघडी ठेवा आणि विचारा. माझ्याकडच्या मुलांनी दुसऱ्या मंदीत स्वतःहून दिवस वाटून घेतले. आचाऱ्यानं भाजी चिरायचं कामही अंगावर घेतलं.

आणि तुझ्यासाठी, बाळ: मालकांकडे रिकाम्या हातानं जाऊ नकोस. कोणत्या तासाला किती जण लागतात ते एका कागदावर मांड. काउंटरवर तू असतेस, त्यांच्यापेक्षा ते तुला नीट माहीत आहे. बाकी चौघांशी आधी बोल, आणि कागद घेऊन सगळे मिळून जा. रविवारी रात्री, गल्ला मोजून झाल्यावर जा. त्याआधी मालकांचं डोकं ठिकाणावर नसतं, माझंही नसायचं.